मे महिन्यात तळं कुठे असतं? तळ्याकाठच्या आलिशान घरांचं गणित, लवासाच्या उदाहरणातून

मे महिन्यात कधीतरी पुण्याजवळच्या वरसगाव धरणाच्या काठाकाठाने गाडी घेऊन जा. ऑक्टोबरात जिथे पाणी झाडांच्या बुंध्याला लागलेलं असतं, तिथे आता तांबडी, भेगाळलेली उतरण दिसते. उतरणीवर एकाखाली एक आडव्या रेषा असतात. दर आठवड्याला पाणी किती खाली गेलं त्याची ती नोंदच. खाली, बरंच खाली, उरलेलं पाणी. तिथवर जायचं तर चिखल तुडवत जावं लागतं.

जाहिरातीतला फोटो मात्र ऑक्टोबरातला असतो.

या दोन चित्रांमधलं अंतर एकदा नीट कळलं, की तळ्याकाठच्या आलिशान फ्लॅटांचा सगळा व्यवहार कळतो. पवना असो, मुळशी असो, पानशेत असो, सगळीकडे ‘लेक व्ह्यू’च्या पाट्या लागल्या आहेत आणि लोक आयुष्याची पुंजी घेऊन त्या बघायला जात आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. उदाहरण घेतो लवासाचं, म्हणजे वरसगावच्या काठावर एका खाजगी कंपनीने उभारायला घेतलेल्या डोंगरी शहराचं. एवढ्या मोठ्या प्रमाणावर, एवढ्या उघडपणे आणि एवढ्या कागदपत्रांसह हा प्रयोग महाराष्ट्रात दुसरीकडे कुठेच झालेला नाही.

तळं की धरण?

सह्याद्रीत ज्याला आपण कौतुकाने ‘लेक’ म्हणतो, ते जवळजवळ नेहमी धरणाचं बुडीत क्षेत्र असतं. महाराष्ट्रात लोणारसारखं नैसर्गिक सरोवर अपवादानेच सापडतं. नैसर्गिक तळ्याचा काठ थोडाफार मागेपुढे होतो, पण आपल्या जागी राहतो. धरणाचा काठ दरवर्षी मैदानभर सरकतो, कारण धरण बांधलेलंच असतं भरून रिकामं करण्यासाठी. चार महिने जमा, आठ महिने खर्च.

वरसगाव धरण मोसे नदीवर आहे. जलाशयाला वीर बाजी पासलकरांचं नाव दिलेलं आहे. पासलकर याच मोसे खोऱ्याचे देशमुख. धरणाची उपयुक्त साठवण सुमारे १२.८ टीएमसी. हे धरण एकटं नाही. पानशेत, टेमघर, वरसगाव आणि खाली खडकवासला अशी चार धरणांची साखळी आहे, एकूण सुमारे २९ टीएमसीची. पुणे शहर हे पाणी पितं. कालव्याने तेच पाणी हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतापर्यंत जातं.

टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हा मापदंड धरला, तर एक टीएमसी पाणी पावणेसहा लाख माणसांना वर्षभर पुरतं. टीव्हीवर ‘अर्धा टीएमसी कमी आहे’ असं ऐकलं की हा आकडा आठवावा.

म्हणजे वरसगावचं पाणी कुणाच्या तरी नावावर आधीच लिहिलेलं आहे. ते धरणाच्या दारातून वेळच्या वेळी खाली सोडायचं असतं. सोडलं की काठ उघडा पडतो. काठावर घर विकणाऱ्याला नेमकं उलटं हवं असतं: पाणी बारा महिने जागच्या जागी. पुढचे सगळे वाद या एका विरोधातून निघाले आहेत.

लवासा कसं उभं राहिलं

१९९६ साली महाराष्ट्र सरकारने थंड हवेच्या ठिकाणांच्या विकासासाठी खास नियमावली आणली. महाबळेश्वर, माथेरान, लोणावळा ही ठिकाणं इंग्रजांच्या काळातली. नवी ठिकाणं खाजगी कंपन्यांनी उभारावीत, अशी ती कल्पना. १ जून २००१ रोजी मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतली १८ गावं ‘हिल स्टेशन’ म्हणून अधिसूचित झाली. दासवे, मुगाव, धामणओहोळ ही त्यातली काही. वस्ती विरळ. डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवणारी, भातखाचरं सांभाळणारी, गुरं राखणारी माणसं. कातकऱ्यांचे पाडे, धनगरांची घरं. धरणाने एकदा उठवलेलं हे खोरं.

कंपनी आधी वेगळ्या नावाने होती, मग लेक सिटी कॉर्पोरेशन झाली, आणि २००४ पासून लवासा कॉर्पोरेशन. मागे हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, म्हणजे धरणं आणि पूल बांधण्याचा दांडगा अनुभव असलेला समूह. आराखडा एचओके या अमेरिकी वास्तुरचना संस्थेचा. नमुना इटलीतल्या पोर्तोफिनो या मच्छीमार बंदराचा: पाण्याला लागून रंगीत भिंतींची घरं, मधून फिरायचा रस्ता, खाली होड्या. ‘लवासा’ हे नावही ब्रँडिंगवाल्यांनी घडवलेलं, त्याला अर्थ नाही. मला हे फार लागतं. ज्या खोऱ्यातल्या प्रत्येक खिंडीला, ओहोळाला, टेपाला नाव होतं, तिथे काहीच अर्थ नसलेलं नाव आणून बसवलं.

पोर्तोफिनो समुद्रावर आहे, आणि भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी अगदी नगण्य. तिथला काठ शतकानुशतकं एका रेषेवर आहे, म्हणून पाण्याला टेकून घर बांधता येतं. मोसे खोऱ्यात ते चित्र जसंच्या तसं उतरवायचं, तर आधी पाणी थांबवायला हवं. म्हणून दासव्याला मुख्य जलाशयाच्या वरच्या अंगाला स्वतंत्र बंधारा घातला. खालचं वरसगाव रिकामं झालं तरी वर दासव्याचं तळं भरलेलं दिसावं, यासाठी. लवासात फिरायला गेलेल्यांनी ज्या पाण्याच्या काठी आइस्क्रीम खाल्लं, ते हे वेगळं अडवलेलं पाणी.

आता हिशेब बघा. जे पाणी उताराने वरसगावात जायचं आणि तिथून पुण्याच्या नळाला आणि दौंडच्या उसाला, त्यातलं काही वरच थांबलं. कंपनीचं म्हणणं होतं, आम्ही जास्तीचं पाणी अडवतो, कुणाचं कमी करत नाही. पाऊस चांगला झालेल्या वर्षी हे खरंही असेल, कारण सांडव्यावरून वाहून जाणारं पाणी अडवलं तर कुणाचं काय जातं? पण ज्या वर्षी धरण भरतच नाही, त्या वर्षी वर थांबलेला प्रत्येक थेंब खालच्या कुणाच्या तरी वाट्यातून आलेला असतो. अशी वर्षं येतात. पुणेकरांना दिवसाआड पाणी माहीत आहे.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. हे पिण्याच्या पाण्याचं पाणलोट क्षेत्र आहे. वर शहर वसवलं की शहराचं सांडपाणीही वरच तयार होतं. शुद्धीकरण केंद्र उभारता येतं, कागदावर ते असतंही. पण ते केंद्र पन्नास वर्षं, रोज, पावसाळ्यात वीज गेली तरी, आणि कंपनी बुडाली तरी चालवणार कोण? खालच्या चाळीस-पन्नास लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याची खात्री वरच्या एका सोसायटीच्या मेंटेनन्सवर ठेवायची का?

जमीन: काठ मुळात कुणाचा?

धरण बांधताना सरकार पाण्याखाली जाणारी जमीन संपादित करतं. पूर्ण संचय पातळी म्हणजे धरण काठोकाठ भरल्यावर पाणी जिथवर येतं ती रेषा. तिच्या वर पुरासाठी आणखी थोडी जागा घेतलेली असते. म्हणजे पाण्याला खरोखर खेटलेली पट्टी बहुतेक ठिकाणी सरकारची, पाटबंधारे खात्याची असते. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी ओलसर जमीन गाळपेर म्हणून एकेका हंगामासाठी भाड्याने देतात, आणि तीत धरणग्रस्तांना प्राधान्य असतं. ज्यांची शेतं बुडाली, त्यांना निदान चार महिने तरी त्या मातीत कलिंगड-काकडी लावता यावी, असा त्यामागचा विचार.

मग खाजगी कंपनीला काठ मिळतो कसा? लवासात २००२ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाने आपल्या ताब्यातली सुमारे १४१ हेक्टर जमीन कंपनीला भाडेपट्ट्याने दिली. महालेखापालांनी यावर आक्षेप घेतले. पुढे जनहित याचिका झाली. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये निकाल देताना प्रक्रियेतल्या त्रुटींवर बोट ठेवलं. पण याचिका फार उशिरा आली आणि तोवर प्रकल्प उभा राहिला होता, म्हणून हस्तक्षेप केला नाही. ‘उभं राहिलेलं पाडायचं कसं’ हा युक्तिवाद आपल्याकडे किती ताकदीचा आहे, हे यातून दिसतं. म्हणून हरकत घ्यायची ती पहिली कुदळ पडण्याआधी.

बाकीची जमीन शेतकऱ्यांकडून घेतली. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला किंवा कंपनीला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. कूळकायद्याचं कलम ६३ आड येतं आणि सरकारची परवानगी किंवा खास सवलत लागते. शिवाय डोंगरी भागात सातबारावर किती गुंतागुंत असते, हे ज्याने तलाठ्याकडे फेऱ्या मारल्या आहेत त्याला माहीत आहे. सामायिक खाती असतात, वारसनोंदी राहिलेल्या असतात. ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असेल तर ती जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकताच येत नाही. सिलिंगमध्ये, म्हणजे कमाल जमीनधारणा कायद्याखाली, भूमिहीनांना दिलेल्या जमिनी याच प्रकारात मोडतात. आदिवासींच्या जमिनीचे निर्बंध त्याहून कडक. मोसे खोऱ्यातल्या कातकऱ्यांच्या जमिनी कशा गेल्या, काय भावाने गेल्या, यावर मेधा पाटकर आणि जनआंदोलनांच्या राष्ट्रीय समन्वयाने वर्षानुवर्षं आवाज उठवला. याच मुळशी तालुक्यात १९२१ साली सेनापती बापटांच्या साथीने शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. आधी धरणासाठी आणि मग पाण्याच्या शोभेसाठी, एकाच तालुक्यातल्या लोकांनी दोनदा जमीन सोडली.

परवानगी: मधली फट

समुद्रकिनाऱ्यासाठी सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत, म्हणून भरतीरेषेपासून किती अंतरावर काय बांधायचं हे ठरलेलं आहे. ते नियम धरणाच्या काठाला लागू नाहीत. मग पाणथळ जागांचे नियम? २०१७ च्या केंद्रीय नियमांनी पिण्यासाठी आणि सिंचनासाठी माणसाने बांधलेले जलाशय त्यातून वगळले आहेत. म्हणजे सह्याद्रीतला जवळजवळ प्रत्येक ‘लेक’ या दोन्ही चाळण्यांतून खाली पडतो. मग उरतात पाटबंधारे खात्याचा ना-हरकत दाखला, नगररचनेचे नियम आणि पर्यावरण मंजुरी.

पर्यावरण मंजुरीचा साधा नियम आज असा आहे: २०,००० चौरस मीटरहून मोठं बांधकाम असेल तर ती घ्यावी लागते, आणि ५० हेक्टरहून मोठी वसाहत असेल तर छाननी आणखी कडक. यात पळवाट सगळ्यांना दिसते. मोठ्या जमिनीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा मर्यादेच्या खाली ठेवायचा. तळ्याकाठचे पुष्कळसे ‘छोटे, खास, फक्त चाळीस कुटुंबांसाठी’ प्रकल्प छोटे का असतात, याचं एक कारण हेही असू शकतं. विचारून बघावं.

लवासाची गोष्ट मात्र आकाराने फार मोठी होती. मार्च २००४ मध्ये राज्याच्या पर्यावरण विभागाने मंजुरी दिली. केंद्राचे त्या वेळचे नियम डोंगरावरच्या पर्यटन प्रकल्पासाठी समुद्रसपाटीपासून १,००० मीटर ही उंची धरत होते. आमचं बांधकाम त्याच्या खाली आहे, म्हणून केंद्राकडे जायची गरज नाही, असं कंपनीचं म्हणणं. चारच महिन्यांनी, जुलै २००४ मध्ये, केंद्राने नव्या वसाहतींनाही या नियमात आणलं. २००६ साली नियम पुन्हा बदलले. काम चालूच राहिलं. २५ नोव्हेंबर २०१० रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कारणे दाखवा नोटीस काढली आणि काम थांबवलं. मंत्री होते जयराम रमेश. वर्षभराने, नोव्हेंबर २०११ मध्ये, पहिल्या टप्प्यातल्या २,००० हेक्टरला अटींसह मंजुरी मिळाली.

दुसरी एक बाब मला या मंजुरीहूनही गंभीर वाटते. २००८ साली सरकारने कंपनीलाच त्या भागाचं ‘विशेष नियोजन प्राधिकरण’ केलं. सोप्या भाषेत: गावात घर बांधायला ग्रामपंचायत किंवा नगरपालिका नकाशा तपासते, चूक असेल तर अडवते. इथे इमारत बांधणारी कंपनी आणि नकाशा मंजूर करणारं प्राधिकरण दोन्ही एकाच समूहाच्या हातात. परीक्षार्थीच्या हाती उत्तरपत्रिका तपासायला दिली. हा दर्जा २०१७ मध्ये काढून घेतला आणि काम पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेलं. मधली नऊ वर्षं तिथे राहणाऱ्या माणसाला तक्रार करायला दुसरं दार नव्हतं.

उतार

पाण्याकडे तोंड करून घर म्हणजे बहुतेक वेळा डोंगराच्या कुशीत घर. महाराष्ट्राच्या बांधकाम नियमांत १:५ हून तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे, म्हणजे पाच मीटर पुढे जाताना एक मीटरहून जास्त चढ असेल तर नाही. मोसे खोऱ्यासारख्या ठिकाणी हा नियम काटेकोर पाळला तर हातात फार थोडी जमीन उरते, म्हणून डोंगर कापून सपाटी केली जाते. कापलेला डोंगर पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत काही बोलत नाही. मुरमाखाली पाणी झिरपत राहतं, झाडांची मुळं गेलेली असतात, आणि मग एका रात्री सगळं खाली येतं. जुलै २०२४ मध्ये लवासात चोवीस तासांत सुमारे साडेचारशे मिलिमीटर पाऊस पडला आणि दरड बंगल्यांवर कोसळली. घाटमाथ्यालगतच्या या पट्ट्यात असा पाऊस नवलाचा नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर घर कुठे बांधू नये ते नक्की सांगतात. जुन्या वाड्या-वस्त्या ओहोळाच्या तोंडाशी आणि उभ्या कड्याखाली सहसा नसतात, हे उगाच नाही.

पैसा

आता तुमच्या-माझ्या खिशाशी थेट संबंध असलेला भाग.

अशा प्रकल्पात आधी खर्च असतो, नंतर विक्री. जमीन, रस्ता, वीज, बंधारा, सांडपाण्याची व्यवस्था, बाग, पदपथ, एखादं हॉटेल, हे सगळं आधी उभं करावं लागतं, कारण रानात फ्लॅट कुणी घेत नाही. शहराजवळच्या इमारतीला नळ आणि रस्ता महापालिका देते. इथे गावच उभं करायचं असतं. त्यासाठी कर्ज. १२ टक्के व्याजाने घेतलेलं कर्ज फेडलं नाही तर सहा वर्षांत जवळपास दुप्पट होतं. म्हणून या धंद्यात सगळ्यात महाग वस्तू वेळ असते. एक वर्ष काम थांबलं की वर्षाचं व्याज बुडतंच, शिवाय गिऱ्हाईक बिचकतं, आधी बुक केलेले हप्ते थांबवतात, आणि त्याच हप्त्यांवर पुढचं काम अवलंबून असतं.

लवासाचं असंच झालं. २०१० साली कंपनी शेअरबाजारातून सुमारे २,००० कोटी उभे करायच्या तयारीत होती. तेवढ्यात काम थांबवण्याचा आदेश आला. २०१४ मध्ये पुन्हा, लहान रकमेसाठी, प्रयत्न झाला. तोही पार पडला नाही. ‘पर्यावरणवाद्यांनी प्रकल्प बुडवला’ असं म्हणणारे भेटतात. माझं मत वेगळं आहे. परवानगीतली भगदाडं पहिल्या दिवसापासून तिथे होती. ती बुजवून मग कर्ज घ्यायला हवं होतं. ज्यांनी फ्लॅट घेतले, त्यांना ही जोखीम कुणी उघड करून सांगितली नव्हती.

त्या फ्लॅटधारकांची कथा प्रत्येक खरेदीदाराने वाचावी अशी आहे. काहींशी झालेला करार विक्रीचा नव्हता, ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा होता. किमतीचा मोठा भाग आधीच भरलेला आणि वार्षिक भाडं एक रुपया. ताबा वेळेत मिळाला नाही. तोवर बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा रेरा कायदा आला होता. त्यात ताबा लांबला तर व्याज मागता येतं. लोक महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे गेले. कंपनी म्हणाली, आम्ही विकलेलं नाही, भाड्याने दिलं आहे, म्हणून रेरा आम्हाला लागू नाही. वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. ७ ऑगस्ट २०१८ रोजी न्यायालयाने सांगितलं, एवढा दीर्घ पट्टा आणि एवढी रक्कम म्हणजे ही विक्रीच आहे, रेरा लागू. खरेदीदार जिंकले. देशभरातल्या लांब पट्ट्याच्या घरांसाठी तो निकाल महत्त्वाचा ठरला.

आणि त्याच महिन्यात, ३० ऑगस्ट २०१८ ला, राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने लवासा कॉर्पोरेशनला दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दाखल करून घेतलं. दाखल झाल्या क्षणी कंपनीविरुद्धच्या वसुल्या, दावे, जप्त्या थांबतात. तेवीस दिवसांपूर्वी जिंकलेल्या हक्काला बांध पडला.

ही प्रक्रिया थोडक्यात अशी. कंपनीचा कारभार संचालकांकडून काढून न्यायाधिकरणाने नेमलेल्या व्यावसायिकाकडे जातो. सगळे धनको आपापले दावे मांडतात. पैसे दिलेल्या धनकोंची समिती बसते. कुणी नवा मालक योजना घेऊन येतो: मी इतके पैसे इतक्या वर्षांत देतो, कंपनी मला द्या. समितीत ६६ टक्के मतं मिळाली तर योजना मंजूर, नाहीतर कंपनी मोडीत. २०१८ च्या दुरुस्तीपासून घर घेणारेही या समितीत बसतात, बँकांच्या शेजारी. ऐकायला छान वाटतं. पण मत रकमेच्या प्रमाणात मोजलं जातं. लवासात एकूण मंजूर दावे सुमारे ६,६४२ कोटींचे होते. ८३७ घरखरेदीदारांचे मिळून ४०९ कोटी. शंभरात सहा. कंपनी मोडीत निघाली तर तारण ठेवून कर्ज दिलेल्या बँका आधी, घर घेणारे त्यांच्यानंतर.

पाच वर्षं गेली. जुलै २०२३ मध्ये डार्विन प्लॅटफॉर्म समूहाची १,८१४ कोटींची योजना मंजूर झाली. पैसे आठ वर्षांत, घरं पाच वर्षांत, तीही बांधकामाचा प्रत्यक्ष खर्च घेऊन. ठरल्याप्रमाणे पैसे आले नाहीत, म्हणून २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने ती मंजुरी काढून घेतली आणि प्रक्रिया पुन्हा सुरू झाली. चाळिशीत बुकिंग केलेली माणसं या काळात निवृत्त झाली. त्यांत परदेशात नोकरी करून ‘परत आलो की इथे राहू’ म्हणणारी होती, मुलांनी आईवडिलांसाठी घेतलेली घरं होती. ही चूक त्यांची नव्हती. त्यांनी सुंदर जागा पाहिली, मोठ्या समूहाचं नाव पाहिलं, सरकारची अधिसूचना पाहिली. याहून जास्त काय पाहावं, हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं.

मग पाहावं काय?

पहिलं म्हणजे जागा मे महिन्यात पाहावी. दलालाने ‘पावसाळ्यानंतर या, तेव्हा मजा असते’ म्हटलं तर मुद्दाम एप्रिल-मेमध्येच जावं. धरणाच्या भिंतीवरच्या मोजपट्टीवर किंवा पाटबंधारे खात्याच्या रोजच्या आकडेवारीत गेल्या काही वर्षांतला उन्हाळ्यातला साठा दिसतो. तो पाहिला की वर्षातले किती महिने खिडकीतून पाणी दिसणार हे कळतं.

दुसरं, पाणी कुठून येणार आहे ते लेखी मागावं. समोर बारा टीएमसी पाणी दिसतं म्हणून ते तुमच्या नळाला येईल असं नाही. जलाशयातून उपसा करायला जलसंपदा विभागाची मंजुरी लागते, तिच्यात लिटर आणि मुदत लिहिलेली असते. ती नसेल तर बोअरवेल आणि टँकर. बेसाल्टच्या डोंगरात बोअरला पाणी लागणं नशिबाचं, आणि उन्हाळ्यात तुमचं बोअर चालू लागलं की खालच्या वाडीतली विहीर आटते. हे भांडण पहिल्या दोन वर्षांत सुरू होतं. गावकऱ्यांशी वैर घेऊन तिथे सुखाने राहता येत नाही.

सातबारा आणि जुने फेरफार स्वतःच्या वकिलाकडून तपासावेत, बिल्डरच्या वकिलाकडून नाही. वर्ग २, इनाम, वन, पुनर्वसन असे शेरे दिसले तर परवानगीचा आदेश पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. घर आणि पूर्ण संचय पातळी यांच्यामधली पट्टी कुणाची आहे हे मोजणीच्या नकाशावर बघावं. ती सरकारची असेल तर ‘खाजगी घाट’, ‘खाजगी जेट्टी’ हे शब्द करारात कशाच्या आधारावर आले, हे विचारावं. त्या पट्टीवरून गुरं पाण्यावर जात असतील, बायका धुण्याला जात असतील, तर तो रस्ता त्यांचा आहे. कुंपण घालून तो तोडणारा प्रकल्प घेऊ नये, एवढं मी ठामपणे म्हणेन.

महारेराचा नोंदणी क्रमांक तपासायला दोन मिनिटं लागतात. संकेतस्थळावर मंजूर नकाशे, ताब्याची तारीख, चालू खटले आणि जमिनीवरचा बोजा दिसतो. गिऱ्हाइकाकडून आलेल्या रुपयातले ७० पैसे त्याच प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. त्यामुळे ‘आज पंचवीस टक्के भरा, करार नंतर’ असं कुणी म्हणालं, तर उठून यावं. बंगल्याच्या प्लॉटला, ‘फार्महाऊस’ला, हिश्श्याने घेतलेल्या जमिनीला रेरा नोंदणी नसेल तर हे संरक्षण हातात नसतं. तळ्याकाठी सगळ्यात जास्त विक्री नेमकी याच प्रकारांत होते आहे.

करार विक्रीचा की पट्ट्याचा, आणि बिल्डर गेल्यावर रस्ता, शुद्धीकरण केंद्र, संरक्षक भिंती कोण सांभाळणार, त्याचा खर्च किती घरांत वाटला जाणार, हेही विचारा. दोनशे घरांसाठी आखलेला खर्च वीस घरांवर पडला तर मेंटेनन्स घराच्या हप्त्याएवढा होतो. निम्मे मालक फक्त शनिवार-रविवारी येणारे असतील तर सोसायटीची बैठकसुद्धा भरत नाही.

आणि घर बघायला जाल तेव्हा परत येताना तासभर काढून मूळ गावात थांबा. सरपंचांना भेटा, चहा घ्या. ग्रामसभेत हा प्रकल्प आला होता का, काय ठरलं, हे विचारा. पाण्याची जुनी रेषा, दरडीची जागा, मोजणीला कोण हजर होतं आणि कोण नव्हतं, विकल्यानंतर कुणाचे पैसे अजून राहिले आहेत, ही माहिती कुठल्याच संकेतस्थळावर नसते. ती त्या ओट्यावर मिळते. दासव्यात, मुगावात आजही माणसं राहतात. ती शेती करतात, काही जण त्या अर्धवट शहरात रखवालदारी करतात, आणि मे महिन्यात पाणी कुठवर उतरतं हे त्यांना दरवर्षी डोळ्यांनी दिसतं.